अगस्त्यकूटाच्या छायेत

कन्याकुमारीस जाणारे जैन यात्रेकरू वाटेत मार्तंडमजवळच्या चितराल टेकडीवर थांबतात. नवव्या शतकातील, कातळात कोरलेल्या तीर्थंकरमूर्तींचे दर्शन घेऊन बाहेरच्या खडकावर उभे राहिले, की दूरवर सह्याद्रीच्या अखेरच्या रांगा निळसर दिसतात. केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवरील त्याच रांगांत १८६८ मीटर उंचीचे अगस्त्यकूट आहे आणि त्याच्या परिसरात काणी आदिवासींच्या वस्त्या आहेत.

१९८७ च्या डिसेंबरात काही वनस्पतिशास्त्रज्ञ या अरण्यात फिरत होते. चढणीने त्यांची दमछाक होई. वाटाडे काणी तरुण मात्र मधूनमधून कसलीशी लहान फळे चघळत ताजेतवाने चालत. विचारले असता ते प्रथम सांगेनात. ती समाजाची राखीव विद्या होती. पुष्कळ आर्जवानंतर त्यांनी जमिनीलगत वाढणारी, हृदयाकृती पानांची एक वनस्पती दाखविली. तिचे नाव आरोग्यपच्चा.

पालोड येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्या पानांना अश्वगंधा, पिंपळी व शंखपुष्पी यांची जोड देऊन ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या एका औषधशाळेस ते बनविण्याचा परवाना मिळाला. परवाना शुल्क १० लाख रुपये, विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन आणि या दोहोंतील निम्मा वाटा काणी समाजाचा, असे ठरले. समाजाचा न्यास १९९७ मध्ये नोंदला गेला आणि १९९९ मध्ये त्याच्या खात्यात ५ लाखांहून अधिक रक्कम जमा झाली. मुद्दल मुदत ठेवीत ठेवून व्याजातून समाजहिताची कामे करावीत, हा न्यासाचा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

पण हिशेब एवढ्याने मिटला नाही. ‘प्लाथी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काणी वैद्यांपैकी काहींचा प्रारंभापासूनच विरोध होता. वाटाड्यांनी जे सांगितले ते सांगण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरीकडे काणी फळ खात, तर औषधाला पाने लागत. मागणी वाढताच रोपे ओरबाडली जातील, या धास्तीने वनखात्याने पाने गोळा करण्यास हरकत घेतली. औषध होते, गिऱ्हाईक होते, कच्चा माल मात्र पुरेसा मिळेना. पुढे २००८ मध्ये परवान्याची मुदतही संपली.

उग्रादित्याचार्यांनी मद्य, मांस व मधु वर्ज्य करून रचलेला ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ १९४० मध्ये सोलापुरात छापला गेला. त्यावर कर्त्याचे नाव आहे. प्लाथींचे ज्ञान कोणत्याच ग्रंथात नव्हते. ज्याच्यावर नाव नाही, त्याचे मोल कोणाच्या हाती द्यावे, याचा निर्णय शेवटी शुल्क ठरविणाऱ्यांनीच केला. अगस्त्यकूटाच्या उतारावर, झाडांच्या दाट सावलीत, आरोग्यपच्चा आजही उगवते.