चौदावा बिंदू

आदिवासी साहित्य शिकवत होतो. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, हे गडचिरोली-नंदुरबारचं झालं. आपल्याकडं आदिवासी कुठं हायत?" त्याच्या शेजारी बसलेला त्याचा मित्र आंध जमातीचा होता. शिकवणारा मीही आंध. मित्र खाली मान घालून हसला.

त्या पोराचंही काय चुकलं? आमच्या मराठवाड्यात कळमनुरी-औंढ्याकडं आंधांची घरं गावोगाव आहेत, पण आम्ही मराठीच बोलतो, हळदीच्या-सोयाबीनच्या रानात सगळ्यांसारखेच राबतो. पुस्तकात गोंड, भिल्ल, वारली येतात. आमची दंडार, ते रात्रभर चालणारं लोकनाट्य, त्यात नव्हती. मग मी त्या आंध पोराला प्रकल्पाला तोच विषय दिला. आजोबाला विचारून त्यानं वही भरून आणली : बाईचं सोंग कोण घ्यायचं, मिशा काढायला कोण तयार नसायचं, ढोलकी कुणाच्या घरी टांगलेली असायची, रात्रभराच्या चहाला गूळ कोण द्यायचं. शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. पण इतकी जिवंत वही दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी तासिका तत्त्वावर. उन्हाळा लागला की मोकळा. कायम जागेचं विचारलं की बिंदुनामावली, म्हणजे कितवी जागा कुणासाठी राखीव हे ठरवणारा तक्ता, पुढं येते. विद्यापीठ अनुदान आयोगानं 5 मार्च 2018 च्या पत्रानं आरक्षणासाठी पूर्ण संस्थेऐवजी विभाग हे एकक धरायला सांगितलं. त्या तक्त्यात चौथी जागा ओबीसींची, सातवी अनुसूचित जातींची आणि अनुसूचित जमातींची थेट चौदावी. ज्या विभागात तीनच शिक्षक, तिथं चौदावा यायला नातवंडं म्हातारी व्हायची. देशभर ओरड झाली, 2019 मध्ये केंद्रानं कायदा करून संस्था हेच एकक केलं. पण तो केंद्रीय संस्थांपुरता. तक्ता कुठलाही असो, जाहिरात निघाली तर त्याचा उपयोग.

शिकवणारा बदलला की शिकवायचं बदलतं, हे मराठवाड्याला नवं नाही. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे होते. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसानं तिथल्या काळ्या लेखकांच्या लिखाणाची ओळख इथल्या दलित लेखकांना करून दिली. त्याच सुमारास, 1968-69 मध्ये, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजचे विद्यार्थी महिनोन्‌महिने संपावर होते. आमचा इतिहास शिकवा आणि आमची माणसं शिकवायला नेमा, या त्यांच्या दोन्ही मागण्या जोडीनंच होत्या. आपल्याकडं पहिली कधीमधी मान्य होते, दुसरीवर फाईल फिरत राहते.

दंडारीचा घटक अभ्यासक्रमात घ्यावा म्हणून मी दोन पानं लिहिली. अभ्यास मंडळावर तासिकावाल्याला कोण घेतंय? विभागातल्या कायम सरांकडं दिली. त्यांनी मनापासून वाचली, चष्मा काढला.

"बैठकीत ठेवतो की. पण हे शिकवणार कोण?"

"तासिका मिळाल्या तर मीच, सर."