आत्याच्या वहीतले पाडगावकर

आमच्या घरात मंगेश पाडगावकर आले ते रेडिओतून. पुस्तक फार पुढे आलं. भावगीतं लागली की स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट कमी व्हायची आणि आत्या वही घेऊन रेडिओला खेटून बसायची. गाणं पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही, त्यामुळे लिहायची कोण घाई! निसटलेल्या शब्दाच्या जागी ती टिंबं काढून ठेवी. तेच गाणं परत लागलं की टिंबांवर शब्द चढायचा, हाताला लागेल त्या पेनाने. 'शुक्रतारा'चं पान निळ्या, काळ्या शाईने आणि पेन्सिलीने मिळून पुरं झालं होतं.

जिन्यात कुणी मुलगा आत्याशी दोन मिनिटं बोलला तर आजोबांच्या कपाळाला आठ्या पडत. पण त्या गाण्यात अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा त्याहून कितीतरी जास्त बोलून जात, तेव्हा आजोबांचं बोट आरामखुर्चीच्या हातावर ताल धरायचं. संगीतकार श्रीनिवास खळ्यांची चालच तशी, रागवायला फट न ठेवणारी. शिवाय कवी वेंगुर्ल्याचा, म्हणजे 'आपल्याकडचा'! वडीलधाऱ्यांच्या देखत प्रेमाचं नाव काढायची सोय आम्हाला पाडगावकर, खळे, यशवंत देव या मंडळींनी करून दिली, असं माझं ठाम मत आहे. जगण्यावर प्रेम करा असं सांगणारं देवांच्या चालीतलं ते गाणं तर बारशापासून निवृत्तीच्या समारंभापर्यंत कुठेही चालायचं. जरा अतीच चालायचं, खरं तर.

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि पाडगावकर हे त्रिकूट काव्यवाचनाला गावोगाव फिरे. आमच्याकडे आले तेव्हा बायका स्वयंपाक लवकर उरकून सतरंजीवर जागा धरायला गेल्या होत्या. कवितेसाठी!

पुढे पाऊस आल्याची वर्दी आम्ही लिज्जत पापडाच्या जाहिरातीवरून घेऊ लागलो. पेपरात पाडगावकरांची नवी पाऊसकविता असायची. "कवी पापडाला लागला," असं काका म्हणायचा. आई मात्र ते कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवी. चहाच्या कपाशेजारी रोजच्या पेपरात कविता येत असेल तर त्यात कवीचा कसला कमीपणा?

याच काकाने एकदा 'सलाम' आणलं. १९७८चा संग्रह, पुढे १९८०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. त्याने शीर्षककविता मोठ्याने वाचली. लाचारीवर आसूड ओढणारी, ठिकठिकाणी बोचणारी. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या आजोबांनी चष्मा काढून विचारलं, "हे शुक्रताऱ्यावालेच का?"

"तेच."

आजोबांनी पुस्तक मागून घेतलं आणि आठवडाभर सोडलं नाही. आत्याने ते चाळून परत केलं. वहीत त्यातली एक ओळही उतरवली नाही. तिला ते पाडगावकर नकोच होते.