शिंपला आणि धुण्याचा सोडा

परवा रविवारी आईला तिसऱ्यांच्या एकशिपीची आठवण झाली, म्हणून सकाळीच वेसाव्याला गेलो. नेहमीच्या मावशींपुढे वाटे लावलेले होते, पण तिसऱ्या अगदीच बारक्या. "पयल्यासारख्या नाय मिलत आता, भाऊ," त्या म्हणाल्या. घासाघीस न करता दोन वाटे घेतले.

घरी आई विळीवर तिसऱ्या उघडायला बसली आणि लेक टाकलेल्या शिंपल्या गोळा करू लागली. "बाबा, या एवढ्या छोट्या का?" झालं, आमच्यातला मास्तर जागा झाला! समुद्र आम्लधर्मी होत चाललाय असं कुठेतरी वाचलं होतं. वाटीत व्हिनेगर ओतलं, शिंपली टाकली, बुडबुडे आले. "बघ, समुद्रात असं होतंय."

लेक म्हणाली, "मग मावशींच्या हातांची आग नाही होत?"

निरुत्तर! रात्री नीट वाचायला बसलो आणि कळलं की आपण पोरीला चक्क चुकीचं सांगितलं. व्हिनेगरचा पीएच अडीच-तीनच्या आसपास. समुद्राचा औद्योगिक क्रांतीपूर्वी साधारण ८.२ होता, आता ८.१ आहे. म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे. पण पीएचचं माप असं विचित्र, की एवढ्याशा फरकात आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा समुद्र पितो. त्यातून तयार होणारं आम्ल पाण्यातले कार्बोनेट कमी करतं, आणि शिंपला तर कॅल्शियम कार्बोनेटचाच!

मोठ्या तिसरीचं एक वेळ निभतं. खरी परीक्षा पिल्लांची. नर-मादी शुक्रजंतू आणि अंडी थेट पाण्यात सोडतात, आणि जन्मलेल्या जिवाला पहिल्या एक-दोन दिवसांतच कवच उभारायचं असतं. शिदोरी काय, तर अंड्यातला बलक. कार्बोनेट कमी असलं की सगळी शक्ती कवचातच खर्च होते आणि पिल्लू वाढण्याआधीच संपतं.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाचं कालवांची पिल्लं तयार करणारं केंद्र आहे. २००७-०८ च्या सुमारास तिथली पिल्लं लाखोंनी मेली. आधी जंतूंवर संशय गेला. मग लक्षात आलं, की वाऱ्यामुळे खोल समुद्रातलं कार्बनयुक्त पाणी वर येतंय आणि तेच टाक्यांत जातंय. उपाय काय केला? पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मोजून घालायला लागले आणि पिल्लं जगू लागली.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही खालचं पाणी असं वर येतं. वेसाव्याला तर जोडीला मालाडची खाडी. तिच्यात आपल्याच घरांतलं सांडपाणी कुजतं, प्राणवायू खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मावशींच्या बारक्या तिसऱ्यांचं सगळं खापर दूरच्या कारखान्यांवर फोडून मी मोकळा झालो होतो. आमच्या मोरीचा त्यात वाटा असेल हे मनातही आलं नव्हतं.

सोमवारी शाळेची बस येईपर्यंत लेकीला सांगितलं, की बाबा चुकला होता. सोड्याची गोष्टही सांगितली. तिला ती फार आवडली. बसमध्ये चढता चढता तिनं विचारलं, "बाबा, आपल्या समुद्रात किती सोडा टाकावा लागेल?"

बस गेली. मी अजून हिशेब करतोय...

ता.क. : एकशिपी नेहमीसारखंच झालं होतं. आत्या, तुझ्या लहानपणी तिसऱ्या केवढ्या असायच्या ते कळव. लेकीला वहीत लिहायचंय.