हाड जुळले, तरी पाऊल उचलेना

अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भेटायला आपण जातो, तेव्हा ‘जिद्द ठेव’ म्हणून निघून येतो. परभणी जिल्ह्यात इतकी वर्षे दवाखाना चालवताना या दोन शब्दांचा फारसा गुण मी पाहिलेला नाही.

दुचाकीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला एक तरुण शेतमजूर माझ्याकडे आला होता. आत सळई बसवलेली, हाड उत्तम जुळलेले, अस्थिरोगतज्ज्ञांनी पूर्ण भार देण्यास परवानगी दिलेली; तरी त्याचा पाय जमिनीला टेकत नव्हता. धीर यावा म्हणून घरच्यांनी त्याला ‘चंदू चॅम्पियन’ दाखवला होता. त्यावर तो म्हणाला, “ते मोठे लोक, साहेब. माझा पाय परत मोडला तर घर कोण चालवल?”

त्या चित्रपटामागचे आयुष्य मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील हा मुष्टियोद्धा सैनिक १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून कमरेखाली अधू झाला. १९७२ साली हायडलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. मला मात्र मधली सात वर्षे अधिक बोलकी वाटतात. पोहणे त्यांना प्रथम उपचार म्हणून सांगण्यात आले होते. पदक फार पुढचे.

भीतीने पाय हलत नाही, न हलल्याने स्नायू रोडावतात, सांधा आखडतो. मग पहिली हालचाल अधिकच दुखते आणि भीती खरी वाटू लागते. त्यात आई पाणीही हातात आणून देते, आणि शेजारी म्हणतात, नाटक करतो!

आम्ही त्याला एक्स-रे समोर धरून जुळलेले हाड दाखवले. पहिल्या आठवड्यात खाटेपासून ओट्यापर्यंतच, वॉकर घेऊन, वडील बाजूला. मजुरीची चिंताही वडिलांसमोर मोकळेपणाने बोलली गेली. मला वाटते, निम्मे औषध तेच होते.

मात्र प्रत्येक दुखणे भीतीचे नसते. ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज किंवा अचानक वाढलेली वेदना असेल तर व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अपघात स्वप्नात येणे, हॉर्नच्या आवाजाने दचकणे, झोप उडणे हे महिनाभरानंतरही चालू असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तालुक्याहून येणे जमत नसेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते, रात्रीसुद्धा.