पोर्ट लुईची मराठी आरती

एका माणसाच्या तोंडी दिवसभरात किती भाषा याव्यात! घरात क्रिओल, सकाळी हातात फ्रेंच वर्तमानपत्र, सरकारी कचेरीत इंग्रजी अर्ज आणि संध्याकाळी गणपतीपुढे मराठी आरती. मुलीच्या नोकरीमुळे मॉरिशसच्या पोर्ट लुई या राजधानीत मुक्काम करायचा योग आला. कोल्हापुरातून येताना डोळ्यांसमोर निळा समुद्र होता. इथे राहू लागल्यावर मात्र समुद्रापेक्षा माणसांचेच नवल वाटू लागले.

बंदरासमोरच्या प्लास द’आर्म चौकात उंच ताडांच्या रांगेपुढे माहे द ला बूर्दोने याचा पुतळा उभा आहे. हा फ्रेंच गव्हर्नर १७३५ मध्ये इथे आला आणि त्याने बंदर, इस्पितळ, रस्ते उभारून शहराची घडी बसवली. याच गृहस्थाने पुढे १७४६ मध्ये आरमार नेऊन मद्रास जिंकले, हे आठवले की आपल्या इतिहासाचे धागे इथवर कसे पसरले आहेत ते कळते. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन दिले. त्यामुळे युनियन जॅक १९६८ पर्यंत फडकत राहिला, तरी शहराच्या जिभेवरची फ्रेंच हलली नाही. आजही दिवाणी कायद्याचा पाया फ्रेंच आहे. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी असली, तरी सभासदाला फ्रेंचमध्ये बोलता येते.

मध्यवर्ती बाजारात पाय ठेवला की हे सगळे एकदम कानावर येते. भाजीवाली गिऱ्हाईकाशी क्रिओलमध्ये घासाघीस करते आणि मी परका दिसताच फ्रेंचवर येते. शेजारच्या गाड्यावर दालपुरी मिळते. पातळ मऊ पोळीत चण्याच्या डाळीचे सारण, वर वाल आणि टोमॅटोचा रस्सा. दोन पोळ्या कागदात गुंडाळून हातात. पुरणपोळीतला गूळ काढून तिला तिखटाची संगत दिली तर जे होईल, ते हे. खाणारे चिनी, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू सगळे एकाच रांगेत. थोड्याच अंतरावर जुम्मा मशीद, पलीकडे चायना टाउन, वरच्या बाजूला सेंट लुईचे कॅथेड्रल.

संध्याकाळ झाली की मात्र हे गजबजलेले शहर भराभर रिकामे होते. १८६६-६७ मध्ये हिवतापाची भयंकर साथ आली, तेव्हा ज्यांना शक्य होते ते क्यूरपीप, व्हाकोआसारख्या उंचावरच्या गावांत राहायला गेले. दिवसा पोर्ट लुई, रात्री वरचे गाव, ही रीत आजही आहे. आता या गावांना मेट्रोही जोडते.

पण माझे पाय पुन्हा पुन्हा वळले ते आप्रवासी घाटाकडे, मजूर उतरायचे त्या धक्क्याकडे. गुलामगिरी संपवण्याचा कायदा इथे १८३५ मध्ये लागू झाला आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाज ३६ करारबद्ध मजूर घेऊन आले होते. पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांवर माणसे या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि थोडी मुंबईहून. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातली मराठी माणसे होती. घाटाच्या काळ्या दगडी पायऱ्या ते चढले. २००६ पासून ही जागा जागतिक वारसा आहे. तो दगड आपल्या सह्याद्रीचाच वाटतो, कारण हे बेटही ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडले आहे.

शहराबाहेर पडले की दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हापूरच्या माणसाला याहून ओळखीचे काय असणार! फरक एवढा की इथली ऊसतोड जूनच्या सुमारास सुरू होते, म्हणजे आपल्याकडचे गुऱ्हाळ थंड असताना. शेतांत मधेच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना माणसांनी हातांनी वेचलेले ते दगड आहेत. आपल्याकडे शेतकरी कारखान्याचा सभासद होतो. इथे मोठे मळे आणि कारखाने बहुतेक गोऱ्या मालकांचे राहिले आणि घाम होता करारबद्ध मजुराचा. त्या ढिगांपाशी उभे राहिले की साखरेची खरी किंमत कळते.

अशा मजुरीतून आलेल्या माणसांनी देव आणि आरती मात्र सोडली नाही. हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवानंतर अवघ्या तीन वर्षांनी. गणेश चतुर्थीला आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी इथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. कास्कावेलचे महाराष्ट्र भवन हे मराठी समाजाचे हक्काचे ठिकाण. २०२३ मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला तो महाराष्ट्र भवनातच. शाळांत मराठी हा विषय आहे. गणपतीत भेटलेल्या तरुण मुलांना मराठीत गप्पा मारायला जड जाते, पण आरतीचा एकही शब्द चुकत नाही.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जहाज आणि नंतरच्या वर्षांत छायाचित्रही. इथली माणसे त्या वह्यांतून आपले मूळ गाव शोधतात. दुसऱ्या टोकाला, आपल्याकडे, या शोधाला उत्तर देणारे कोणीतरी हवे.

म्हणून कोल्हापूरकरांना माझी कळकळीची विनंती आहे. मॉरिशसला आलात तर किनाऱ्यावरचा एक दिवस कमी करा आणि तो आप्रवासी घाटाला द्या. येताना इथल्या मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तके आणा. आणि तुमच्या घरात समुद्रापार गेलेल्या, परत न आलेल्या कोणा पूर्वजाची आठवण असेल, तर ती आजच लिहून काढा. इथे तिची वाट पाहणारी माणसे आहेत.