ओल्या भुईवरची बोटे

दुःख झाले की माणूस रडतो, कवी असला तर लिहितो, गवई असला तर गातो, असा आपला सोयीचा समज आहे. चित्रकाराने काय करावे, हा प्रश्न मात्र जरा अवघड आहे. त्याने रडणाऱ्या बाईचे चित्र काढले तर आपल्याला ती बाई दिसते. चित्रकाराचे दुःख दिसेलच असे नाही. बरे, कसलीच आकृती न काढता त्याने नुसता रंग पसरला, तर आपण म्हणणार, ‘हॅ! असे तर आमचा बंडूसुद्धा काढील!’

बंडूची बाजू घ्यावी की चित्रकाराची, या विचारात मी पुष्कळ वर्षे काढली आहेत. याचे कारण असे की, आकृतीवाचून काढलेले चित्र मी प्रथम पाहिले ते आमच्या नांदगाव पेठेतल्या घरात, पायाखालच्या भुईवर. आणि ते काढणारी होती माझी आजी.

अमरावती सोडून नागपूरच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात आमचे गाव लागते. आता तिकडे औद्योगिक वसाहत झाली आहे, कारखाने आहेत, रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. माझ्या लहानपणी आमचे घर मातीचे होते. दिवाळी आली म्हणजे आधी भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा आणि मग शेणाने सारवण. आजी आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करी आणि बसल्या बसल्या मागे सरकत दारापर्यंत येई. शेणकाला पुढे ओढायचा, हात पाण्यात बुडवायचा आणि मनगट फिरवून एक कमान काढायची. तिच्या पोटात दुसरी, दुसरीला लागून तिसरी. वाळल्यावर साऱ्या घरभर तिच्या पाच बोटांच्या रेघा उमटून राहत. मी एकदा तिला विचारले, की हे इतके सारखे कसे येते, तू मोजतेस का? ती हसली. म्हणाली, “मोजाचं कायले, बापू? भुई ओली हाये तवर हात चालवाचा. वाळली का मंग काई होत नाई.”

एका वर्षी पावसाळ्यात माझे काका गेले. आजीचा तो धाकटा मुलगा. त्या दिवाळीला आमच्याकडे सण नव्हता, दिवे लागणार नव्हते. पण भुई सारवणे काही सणापुरते नसते. आजी नेहमीसारखी कोपऱ्यात जाऊन बसली. ती रडली नाही, कोणाशी बोललीही नाही. दुपारी भुई वाळली तेव्हा मात्र ती आमची नेहमीची भुई नव्हती. रेघा खोल गेल्या होत्या. कमानी एकमेकींना भेटत नव्हत्या. आणि मध्येच एके ठिकाणी हात फिरायचा थांबला होता. पंजा तसाच दाबला गेला होता, पाची बोटे उघडी. आई दारात आली, क्षणभर बघत राहिली आणि त्यावर पाऊल न टाकता मागच्या दाराने आत गेली.

पुढे मोठेपणी जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराविषयी वाचले आणि मला मोठी गंमत वाटली. हा गृहस्थ १९४७ च्या सुमारास आपला कॅनव्हास चौकटीवरून उतरवून चक्क जमिनीवर पसरू लागला. त्याच्या भोवती फिरत काठीने पातळ रंग ओतावा, शिंपडावा, असा त्याचा खाक्या. अमेरिकेतले आदिवासी जमिनीवर रंगीत वाळूची चित्रे काढतात, त्यांच्या रीतीशी आपली रीत जवळची आहे, असे तोच सांगे. म्हणजे रांगोळीची चुलतबहीणच म्हणायची! हॅरल्ड रोझेनबर्ग या समीक्षकाने १९५२ मध्ये अशा चित्रकलेला ‘कृतीची चित्रकला’ असे नाव दिले. पाहणाऱ्यांना वाटे, हा सारा योगायोगाचा खेळ आहे. पोलॉक मात्र आपल्या चित्रांत अपघात असतो हे मान्य करीत नसे.

आणि आपल्या वऱ्हाडाच्या शेजारचेच उदाहरण घ्या ना! वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, घराणे गोव्याकडले. १९४८ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले. आरंभी त्यांच्या चित्रांत माणसे होती, लघुचित्रांची रेषा होती, पॉल क्ली या स्विस चित्रकाराची ओढ होती. पुढे माणसे गेली, वस्तू गेल्या. उरला रंग आणि त्यातून झिरपणारा उजेड. ब्रश बाजूला ठेवून ते रंगाचा रूळ फिरवीत, सुरीने रंग खरवडीत, वर्तमानपत्राचे कपटे ओल्या रंगावर दाबून उचलीत. कपट्याबरोबर किती रंग निघेल आणि मागे काय उरेल, हे कोणाला आधी सांगता येणार? असे असूनही त्यांच्या हातून वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे होत. बाकीचे दिवस ते बसून राहत, बघत राहत, वाट पाहत. १९८४ मध्ये अपघात झाल्यावर मोठे कॅनव्हास काही वर्षे त्यांच्या हाताबाहेर गेले, तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटने केली. २००१ मध्ये ते वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

त्यांचे चित्र मी दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पाहिले. त्यापुढे उभा असताना बंडूचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. उत्स्फूर्त म्हणजे मनात येईल तसे, असे आपण समजतो. पण मनातले हातात उतरायला हाताची वाट आधी मळलेली असावी लागते. आजीने चाळीस वर्षे त्याच कमानी काढल्या होत्या, म्हणूनच त्या एका दिवशी त्या कुठे मोडल्या ते आईला दारातून कळले. दुःख दाखवायचे असे आजीने ठरवले असते, तर तिच्या हातून काही तरी नाटकी झाले असते. तिने फक्त रोजचे काम केले आणि दुःखाने आपली जागा आपण शोधली. बंडूचा हात अजून कोणत्याच वाटेला लागलेला नाही; मग तो वाट सोडणार कशी, आणि सोडली तरी आपल्याला कळणार कशी? गायतोंड्यांचे वाट पाहणे आणि आजीची चाळीस वर्षे, दोन्ही एकाच जातीची तयारी. ती झाली की मग ओल्या रंगावर, ओल्या भुईवर हात सोडून द्यायचा. त्या घटकेला विचार करीत बसणाऱ्याची भुई वाळून जाते.

पंधरा दिवसांनी आजीनेच ती भुई पुन्हा सारवली. उघड्या बोटांवरून तिचाच ओला हात फिरला आणि कमानी पुन्हा एकमेकींना भेटल्या. ते पुसले गेल्याची मला तेव्हा हळहळ वाटली होती. आता वाटते, की जे सांगायचे ते सांगून झाले होते, ऐकणाऱ्याने ऐकले होते. चित्राकडून याहून अधिक काय मागायचे?

आता घरोघर फरशा आहेत. शेणामातीत हात घालायला कोणी सांगत नाही आणि सांगूही नये, ते कष्टाचेच काम होते. पण उंबरठ्यापुढे वीतभर जागेत रांगोळी अजून उतरते. चिमटीतून रेघ सुटताना आपल्या घरातल्या बाईच्या हाताकडे यंदा जरा निरखून पाहा. एखादा ठिपका किंचित सरकला असेल, एखादी रेघ उगाच लांबली असेल. ती सुधारून घे, असे घाईने म्हणू नका. तिला काही सांगायचे असेल.