पाठीला चेन

पत्र पहिले

माण, ता. मुळशी
१९ डिसेंबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं वहिनी मध्येच बोलून संपवतात, म्हणून पत्र लिहितो. दुकानाची फळी लावल्यावर निवांत वाचा.

आधी पत्त्याचं. इकडे काही पाठवाल तर तालुका आणि पिनकोड घातल्याशिवाय पाठवू नका. नुसतं ‘माण’ लिहिलंत तर पाकीट साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड-दहिवडीकडे हिंडत बसेल. हे माण मुळशीतलं, हिंजवडीला लागून. आयटी पार्कचा तिसरा टप्पा याच गावच्या जमिनीवर उभा आहे. भोईरवाडी, बोडकेवाडी, गवारेवाडी अशा वाड्या, मध्ये कापणी झालेली भातखाचरं, आणि त्यांच्यापलीकडे मेट्रोचे खांब. भात बघून मला घरचं वाटलं. थंडी बघून नाही वाटलं.

गाडी आंबोली चढली तेव्हा जरा गार लागलं होतं. पहाटे साडेपाचला वाकडच्या पुलाखाली उतरलो तो पूर्ण बाहीचा पॉपलिनचा शर्ट, टेरिकॉटची पँट आणि चपला एवढ्यावर. सावंतवाडीत मार्गशीर्षात हा पेहरावसुद्धा जास्त होतो. आपली हवा दमट, रात्री पारा फार खाली जातच नाही. इथली हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी ऊब वर सोडून देते. दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा, असा खेळ. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ला १.७ अंशाची नोंद आहे, असं चिरंजीवांनी पोचल्या-पोचल्या ऐकवलं. ऐकून आणखी गारठलो.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. पुलाखाली रिक्षा मिळाली. चालक लातूरकडचा, तिशीतला. त्याने जॅकेट उलटं घातलेलं. आतली बाजू बाहेर नव्हे हो, पुढची बाजू मागे. पाठीचा भाग छातीवर, चेन पाठीला, तीही अर्धी उघडी. मला वाटलं झोपेत घातलंय, सांगावं की सांगू नये? एवढ्यात दुधाचे क्रेट बांधलेली मोटारसायकल पुढे गेली, तोही उलटा. कंपनीच्या पहिल्या पाळीला निघालेले दोघे एका गाडीवर, पुढचा उलटा आणि मागचा सुलटा. मागच्याला पुढच्याचा आडोसा होता ना!

विचारलं तेव्हा तो म्हणाला, “चेनीतनं वारं घुसतंय काका. सरळ छातीत बसतंय.”

बरोबर आहे त्याचं. चांगल्या जॅकेटला चेनीच्या मागे कापडाची आडपट्टी देतात. स्वस्त मालात ती गाळतात. चेनीच्या दातांतून वारा सुईसारखा येतो, आणि बटणांचं असेल तर दोन काजांच्या मधे कापड फुगून खिडकीच उघडते. पाठीला मात्र अख्खं कापड, एकही फट नाही. त्या रिक्षावाल्याने जॅकेटच्या आत कालचा पेपरही घडी करून खोचला होता. दादा, त्रेचाळीस वर्षं मी बंड्या, कोट, जाकिटं पुढूनच उघडी शिवली. कोणासाठी, हे कधी मनात आलं नाही. उभ्या माणसासाठी पुढून ठीक. वाऱ्याच्या तोंडावर तासन्‌तास बसणाऱ्यासाठी चूक.

माझे दात वाजताना बघून त्याने मागच्या सीटवरची चादर दिली. तिला पेट्रोलचा वास होता. ती मी सोसायटीच्या दारापर्यंत सोडली नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बाळ

पत्र दुसरे

माण
२७ डिसेंबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

आता मला स्वेटर आहे. सूनबाईने आणला, मरून रंगाचा. लोकर थोडी, अ‍ॅक्रिलिक जास्त. धागा जाळून बघितला तर गोळी झाली. नात म्हणते, आजोबा, नवीन कपडे जाळतात का?

चिरंजीव चौदाव्या मजल्यावर राहतात. सकाळी गॅलरीत उभा राहिलो तर फारशी थंडी नाही, आणि खाली खाचरांवर दुधाच्या सायीसारखं धुकं. लिफ्टने उतरलं की अंग शहारतं. वारा पडलेला असला की गार हवा जड होऊन खोलगटात बसते आणि ऊबदार थर वर राहतो. त्यामुळे इथली मंडळी वरून अंदाज घेऊन कपडे घालतात आणि खाली येऊन फसतात. सातच्या सुमारास लिफ्ट पुन्हा वर जाते ती स्वेटर विसरलेल्यांना घेऊन.

गेटवर दोन पहारेकरी आहेत, रात्रीचा आणि दिवसाचा. कोट एक. निळा, जाड, पितळी बटणांचा, एजन्सीने दिलेला. सातला पाळी बदलली की रात्रीचा कोट काढतो आणि दिवसाचा तो तसाच, अंगची ऊब निवायच्या आत चढवतो. रात्रीचा उंच, दिवसाचा बुटका. बुटक्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येतात. मी म्हटलं, दे इकडे, दोन इंच आत दुमडून कच्ची शिलाई घालतो. तो म्हणाला, नको, मग त्याची मनगटं उघडी पडतील. पुढे काय बोलणार?

त्याच्याबरोबर मी चौकात टपरीवर चहाला जातो. तिथे जे दिसतं ते आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसून कधी दिसलं नसतं. बांधकामावरचे झारखंड-बिहारकडचे मजूर : डोक्याला माकडटोपी, तिच्यावर गमछा, त्याच्यावर पिवळं हेल्मेट, आणि पायात रबरी स्लिपर. डोकं राखायचं, पायांचं पायांनी बघावं. मराठवाड्यातल्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. कॉलरचं बटणसुद्धा लावलेलं, पदर आतून घेऊन कमरेला खोचलेला. खडी उचलताना हात सोलत नाहीत, दुपारी ऊन लागत नाही आणि सकाळी गारठा लागत नाही, असं एकीने सांगितलं. एका कपड्यात तीन कामं. शाल घेतली असती तर घमेलं उचलताना दर वेळी सावरावी लागली असती.

कॉम्प्युटरवाली पोरं वर हुडी घालतात, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, आणि खाली गुडघ्याच्या वर चड्डी. वर हिमाचल, खाली आपली सावंतवाडी. स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळतात. ते उन्हाळ्यातही तसंच असतं म्हणे. थंडीत फक्त कापड जाड होतं.

आता घरातलं. सूनबाईची खरी थंडी मे महिन्यात असते. हसू नका. ऑफिसात वर्षभर एसी, आणि तिच्या खुर्चीच्या पाठीला वर्षभर शाल. बाहेर चाळीस अंश असले तरी ही आत पाय पोटाशी घेऊन बसते. बाजूचा पुरुष अर्ध्या बाहीत मजेत. तिच्याकडून कळलं की इमारतीतल्या हवेचा हिशेब १९६०च्या दशकात बसवला गेला, आणि त्यासाठी माप धरलं ते एका सरासरी पुरुषाच्या अंगातल्या उष्णतेचं. २०१५ साली हॉलंडमधल्या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की हलकं बैठं काम करणाऱ्या बाईच्या अंगातली उष्णता त्या हिशेबापेक्षा बरीच कमी भरते. म्हणजे सगळ्या गावाला एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने शर्ट शिवल्यासारखं झालं.

याहून मजेची गोष्ट : कपड्याच्या ऊबेला एकक आहे! ‘क्लो’ म्हणतात. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी ठरवलं. एकवीस अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा वाटावा एवढी ऊब म्हणजे एक क्लो. अंदाजे साहेबी सूट घातलेला माणूस. आपण इंचपट्टी गळ्यात घालून जन्म काढला आणि ऊब मोजता येते हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळावं! पण त्यांनी खोलीत बसलेला माणूस धरला. रिक्षा चालवणारा धरला असता तर?

चिरंजीव चाकणला जातात, कंपनीच्या बसने. मशीनवर असताना मफलर बंद, सैल बाही बंद. फिरत्या भागात टोक अडकलं तर माणूस आत ओढला जातो. ड्रिलवर हातमोजेसुद्धा चालत नाहीत. म्हणून हा अंगाला घट्ट बसणारं थर्मल आत घालतो आणि वर गणवेश. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, याला थंडीच वाजत नाही. तुमच्या हातची गळपट्टी त्याने बसमध्ये घालायला ठेवली आहे, वहिनींना सांगा.

तुमचा,
बाळ

पत्र तिसरे

माण
१० जानेवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. ‘तिथेच राहतोस की काय’ असं विचारलंत. नाही, संक्रांत करून येतो. तिळगूळ सूनबाई इथूनच देणार आहे.

परवा बोडकेवाडीच्या अंगाला फिरायला गेलो होतो. खाचरात मेंढरं बसवलेली, शंभर-सव्वाशे असतील, आणि मागे वीस मजली इमारती. मेंढक्याशी बोलणं काढलं.

“पाहुणं कुठलं?” त्यानेच विचारलं.

“सध्या इथलाच, माणचा. तुम्ही?”

“आमी बी मानाचंच की!”

दोघेही हसलो. तो साताऱ्याच्या माणातला निघाला, म्हसवडच्या बाजूचा. दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेला यायचं, शेतात मेंढरं बसवून खत द्यायचं, पाऊस धरायच्या आत परतायचं. बऱ्याच जणांचे कळप घाट उतरून कोकणात जातात, तुम्हाला माहीत आहेच.

त्याच्या अंगात बंडी, धोतर, डोक्याला लाल पटका, पायात जाड वहाणा, आणि खांद्यावर घोंगडी. पोटऱ्या उघड्या. मी बसल्या-बसल्या घोंगडी हातात घेतली. काळी, न रंगवलेली, दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची. सूत घरच्या बायांनी कातलेलं, विणलेली सणगराच्या खड्ड्यातल्या मागावर. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती नवी असताना पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि वर्ष-दोन वर्षांत माणसाच्या अंगावर नरम पडते. कोकराची पहिली लोकर, जावळाची, मऊ आणि महाग; ती आपल्यासाठी नाही, असं तो म्हणाला. कडेचा टाका बघितला. जाड सूत, हातशिलाई, पण अंतर एकसारखं. तुम्हाला आवडला असता.

आणि दादा, सकाळी सहापासून अकरापर्यंत त्या एका घोंगडीचं काय काय झालं ते मी बघितलं. आधी तिची डोक्यावरून खोळ. मग ऊन आलं तशी खांद्यावर. रात्री जन्मलेलं कोकरू ओलं होतं, ते तिच्यात गुंडाळलं. अकराला तीच खाली अंथरून आम्ही तिच्यावर चहा प्यायलो. काज नाही, बटण नाही, चेन नाही, माप नाही.

इथल्या थंडीला असलंच काहीतरी लागतं. पहाटे चार ते सकाळी नऊ एवढीच तिची सत्ता. नऊनंतर सगळ्या गावाचे स्वेटर कमरेला बांधलेले, हुड्या बॅगेच्या पट्ट्यात अडकवलेल्या, माकडटोप्या खिशात. पण बाजारात मिळतं ते दुसऱ्यांच्या थंडीसाठी शिवलेलं. तिबेटी मंडळी हिवाळ्यात स्वेटर विकायला बसतात, त्यांचा माल बहुतेक लुधियानाचा. तिकडच्या दिवसभराच्या गारठ्याला तो ठीक. इथे दुपारी तो हमालीचा बोजा होतो. मेंढक्याला घोंगडी पुरते कारण तो चालतो आणि थांबतो. रिक्षावाल्याला घोंगडी चालणार नाही. हँडलवर हात मोकळे हवेत.

म्हणून काल त्या लातूरकराला सोसायटीच्या गेटवर उभा करून माप घेतलं. पट्टी माझ्या खिशात असतेच. तो लाजत होता, पहारेकरी हसत होते. बंडी अशी हवी : पुढचा भाग अखंड, मध्ये शिवण नको. पाठीला चेन, वरून उघडणारी, तिला लांब नाडी, म्हणजे स्वतःच्या हाताने खाली ओढता येईल. छातीला बाहेरून जाड ड्रिल, आत कांबळ्याचं अस्तर; पाठीला अस्तर नको, नाहीतर दुपारी घाम धरेल. आतून छातीवर आडवा खिसा, घडी केलेला पेपर मावेल एवढा. बाही नको. मुंढा अर्धा इंच मोठा, कारण खाली तो शर्ट घालतो. गळा उभा, दोन इंच, मागे हुक.

माप : छाती ३८, लांबी २६, खांदा १७, गळा १५. चेन पितळी लावा. एक नको, दोन शिवा. गेटवरच्या बुटक्यालाही हेच माप बसतंय, मी बघून घेतलंय. संक्रांतीच्या आत गाडीने पाठवा, वाकडच्या पुलाखाली मी स्वतः उतरवून घेईन. पैसे माझ्या नावावर मांडा.

तुमचा,
बाळ